जपानी अभिजात वाङ्मय : उसनी लिपी आणि स्वभाषेचे रचनाप्रकार

१. प्रास्ताविक

जपानी वाङ्मयाची लिखित परंपरा सुमारे तेराशे वर्षांची आहे. इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेला 'कोजिकी' हा तिचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ मानला जातो. तेथपासून १८६८ च्या मेइजी स्थित्यंतरापर्यंतचे वाङ्मय स्थूलमानाने 'अभिजात' या संज्ञेखाली येते. या दीर्घ कालखंडातील दोन-तीन नावे मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. गेन्जीची कथा त्याने ऐकलेली असते, 'नो' नाट्याचा उल्लेख नाट्यविषयक ग्रंथांत त्याला भेटलेला असतो, आणि हायकू हा प्रकार तर शिरीष पै यांच्या रचनांमुळे मराठी कवितेत स्थिरावला आहे. तथापि ही नावे सुटी सुटी कानी पडल्यामुळे त्यांचा परस्परसंबंध सहसा ध्यानात येत नाही. तीन ओळींचा हायकू हा मुळात एका दीर्घ सामूहिक रचनेचा आरंभश्लोक होता, अथवा गेन्जीची कथा ज्या लिपीत लिहिली गेली तिला त्या काळी विद्वानांत मान नव्हता, या गोष्टी रचनाप्रकारांचा इतिहास एकत्र पाहिल्यावाचून उमगत नाहीत.

या इतिहासाच्या मुळाशी एक व्यावहारिक अडचण आहे. जपानी भाषेला स्वतःची लिपी नव्हती. चिनी लिपी व चिनी ग्रंथ तेथे कोरियामार्गे आले आणि त्यांच्याबरोबर राज्यव्यवहार, इतिहासलेखन व बौद्ध धर्म यांची भाषा म्हणून चिनी भाषाही आली. परंतु या दोन भाषांची घडण परस्परविरुद्ध आहे. चिनी लिपीतील चिन्ह साधारणतः एका अर्थपूर्ण शब्दाचे द्योतक असते, आणि चिनी शब्दांना विकार होत नाहीत. जपानीत मात्र मराठीप्रमाणेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नामापुढे विभक्तिप्रत्ययांसारखे अवयव लागतात आणि क्रियापदास प्रत्ययांची माळ जोडली जाते. अशा भाषेचे लेखन परक्या चिन्हांनी कसे करावे? जपानी अभिजात वाङ्मयातील प्रमुख रचनाप्रकार या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांतून घडले आहेत. आणि ज्या उत्तराला त्या त्या काळी कमी प्रतिष्ठा होती, त्यातूनच पुष्कळदा टिकाऊ वाङ्मय निर्माण झाले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. यासुमारोची अडचण

राज्यकुलाच्या उत्पत्तिकथा व वंशावळी एकत्र करण्याचे काम सम्राट तेन्मू याच्या कारकिर्दीत सुरू झाले. हिएदा नो आरे या विलक्षण स्मरणशक्तीच्या व्यक्तीकडून त्या मुखोद्गत करविण्यात आल्या. पुढे सम्राज्ञी गेन्मेई हिने ओ नो यासुमारो या अधिकाऱ्यास त्या लिहून काढण्याची आज्ञा केली आणि ७१२ च्या आरंभी तीन खंडांचा 'कोजिकी' राजदरबारी सादर झाला. या ग्रंथाच्या प्रस्तावनेत यासुमारोने आपली अडचण स्पष्टपणे मांडली आहे. चिन्हे केवळ अर्थासाठी वापरली तर मूळ शब्दांतील भाव पोचत नाही. केवळ उच्चारासाठी वापरली तर मजकूर अतिशय लांबतो. म्हणून त्याने दोन्ही पद्धतींचे मिश्रण केले. जपानी भाषेच्या लेखनाविषयीचा हा अगदी आरंभीचा विचार होय; आणि तो मांडणारी प्रस्तावना मात्र शुद्ध चिनी भाषेत आहे, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे.

कोजिकीतील शंभराहून अधिक गीते यासुमारोने उच्चारानुसारी पद्धतीने, प्रत्येक ध्वनीस एक चिन्ह योजून लिहिली. कथेचा आशय अन्य भाषेत सांगता येतो; गीताचा शब्द मात्र बदलता येत नाही. जपानी भाषेचे ध्वनिरूप लेखनात प्रथम टिकून राहिले ते मुख्यतः काव्यामुळे.

आठच वर्षांनी, ७२० मध्ये, 'निहोन शोकी' हा तीस खंडांचा इतिहासग्रंथ तयार झाला. तो चिनी भाषेत व चिनी इतिहासग्रंथांच्या धर्तीवर लिहिलेला असल्यामुळे दरबारात त्याचे अध्ययन-अध्यापन होत राहिले. कोजिकी मात्र मागे पडला आणि पुढे हजार वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी वळले नाही. त्याच्या प्रस्तावनेच्या विश्वसनीयतेविषयीही शंका घेतल्या गेल्या. १९७९ मध्ये नारा येथील एका चहाच्या मळ्यात यासुमारोची समाधी व तिच्यातील नावासहित ताम्रपट सापडला, तेव्हा त्याच्या ऐतिहासिकत्वाला भक्कम पुरावा मिळाला.

३. मान्योशू

आठव्या शतकातील सर्वांत महत्त्वाचा काव्यसंग्रह म्हणजे वीस खंडांचा 'मान्योशू' होय. त्यात साडेचार हजारांहून अधिक कविता असून त्यांतील कालनिर्देश असलेली शेवटची कविता ७५९ च्या नववर्षदिनाची आहे. ती ओतोमो नो याकामोची याची असून संग्रहाच्या अखेरच्या संकलनाशीही त्याचेच नाव जोडले जाते. यातील बहुसंख्य कविता 'तांका' या प्रकारातील आहेत. ५, ७, ५, ७, ७ अशा पाच चरणांत मिळून ३१ मात्रा, हे तिचे रूप. येथे मात्रा हा शब्द मराठी छंदःशास्त्रातील अर्थाच्या पुष्कळ जवळ जातो : दीर्घ स्वराच्या दोन मात्रा मोजल्या जातात, त्यामुळे 'क्योतो' या नगरनामातील दीर्घ ओकार धरून त्याच्या तीन मात्रा होतात. याशिवाय ५ व ७ मात्रांचे चरण हवे तितके वाढवीत नेता येणारी 'चोका' ही दीर्घ कविताही या संग्रहात आहे. काकिनोमोतो नो हितोमारो याच्या राजपुत्र-राजकन्यांवरील विलापिका याच प्रकारात आहेत.

मान्योशूचा सामाजिक विस्तार पुढील कोणत्याही राजमान्य संग्रहाला लाभला नाही. चौदाव्या खंडात पूर्वेकडील प्रांतांची, तेथील बोलीची छटा असलेली गीते आहेत. विसाव्या खंडात क्युशूच्या किनाऱ्यावर पहाऱ्यासाठी पाठविलेल्या साध्या शिपायांच्या कविता आहेत. यामानोउए नो ओकुरा या चिनी विद्येत पारंगत असलेल्या अधिकाऱ्याने दारिद्र्यावर संवादरूप चोका लिहिली. शिपाई व सम्राट एकाच ग्रंथात आले, याचे एक कारण असे की, काव्य ही अद्याप केवळ दरबारी शिष्टाचाराची बाब झालेली नव्हती.

या कवितांचे लेखन 'मान्योगाना' नामक पद्धतीने झाले. यात चिनी चिन्हे कधी अर्थासाठी, कधी उच्चारासाठी, तर कधी कोड्यासारखी योजली आहेत. 'कुकु' हा उच्चार दर्शविण्यासाठी लेखक ८१ हा आकडा लिहितो. कारण जपानीत नऊला 'कु' म्हणतात आणि नऊ नव्वे एक्याऐंशी! ही चातुर्यक्रीडा समकालीनांना रुचली असेल. परंतु तिची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागली. दोनशे वर्षे होण्यापूर्वीच मान्योशू वाचता येईनासा झाला. ९५१ मध्ये दरबाराने पाच विद्वानांची नेमणूक करून त्यांच्याकडे नव्या संग्रहाच्या संपादनाबरोबर मान्योशूचे वाचन लावण्याचेही काम सोपविले. जेमतेम दोन शतकांपूर्वीच्या स्वभाषेतील काव्याचे वाचन लावण्यासाठी अशी राजाज्ञा काढावी लागावी, यावरून उसन्या लिपीच्या प्रश्नाचे गांभीर्य कळते.

४. काना लिपीचा उदय

या अवधीत लेखनपद्धती मात्र पालटली होती. उच्चारासाठी वापरलेली चिन्हे भरभर लिहिताना झिजत गेली व त्यांतून 'हिरागाना' ही वळणदार लिपी तयार झाली. बौद्ध भिक्षू चिनी ग्रंथांच्या ओळींमध्ये उच्चारसूचक खुणा करीत; त्यासाठी त्यांनी चिन्हांचे तुकडे वापरले आणि त्यांतून 'काताकाना' निर्माण झाली. चिनी चिन्हांना 'माना' म्हणजे खरी अक्षरे म्हणत, तर या नव्या चिन्हांना 'काना' म्हणजे उसनी, तात्पुरती अक्षरे. ज्या चिन्हांनी स्वभाषा प्रथमच पूर्णपणे लिहिता आली, त्यांनाच उसनी म्हणावे आणि परकी चिन्हे खरी मानावीत, यात त्या काळचा प्रतिष्ठाक्रम स्पष्ट दिसतो.

हिरागानास 'स्त्रियांचे अक्षर' असेही म्हणत. हा शब्दप्रयोग अक्षरशः घेऊन काना लिपी स्त्रियांचीच होती असा समज पूर्वी रूढ होता. तो आता सुधारून घ्यावा लागतो. क्योतो येथे नवव्या शतकातील एका फुजिवारा सरदाराच्या वाड्याच्या जागी सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांवर हिरागाना अक्षरे असल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. स्त्री-पुरुषांमधील पत्रांत व कवितांत पुरुषही ही लिपी वापरीत. भेद प्रसंगाचा होता : राजपत्र, इतिहास व शास्त्र यांसाठी चिनी, खाजगी पत्र, कविता व कथा यांसाठी काना.

काना अक्षरांची रूपे चिनी चिन्हांतून आली असली, तरी त्यांचा क्रम भारतीय वर्णविचाराचा ऋणी आहे. शिंगोन व तेंदाई पंथांचे भिक्षू मंत्रोच्चारासाठी 'सिद्धम्' लिपीचे अध्ययन करीत. त्या अध्ययनातून आ, ई, ऊ, ए, ओ हे स्वर व का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हे वर्ग असा जो कोष्टकक्रम बसला, तो देवनागरी जाणणाऱ्यास तत्काळ ओळखू येतो. कंठ्य, त्यानंतर चवर्गाच्या जागी सा, मग दंत्य ता व त्याचा अनुनासिक ना. पवर्गाच्या जागी हा (ज्याचा प्राचीन उच्चार 'पा' होता) व त्याचा अनुनासिक मा. शेवटी या, रा, वा हे अंतःस्थ. आजचे जपानी शब्दकोश याच क्रमाने लावलेले असतात.

५. कोकिनशू आणि तांकेची प्रतिष्ठा

नवव्या शतकात दरबारी काव्याचे स्थान चिनी कवितेने व्यापले होते. राजाज्ञेने संपादिलेले पहिले तीन संग्रह चिनी कवितांचेच होते. ८९४ मध्ये सुगावारा नो मिचिझाने याच्या सूचनेनंतर तांग दरबाराकडे जाणारी शिष्टमंडळे थांबली. त्यामुळे चीनशी संबंध तुटला व म्हणून राष्ट्रीय वाङ्मय फुलले, असे जुने इतिहासकार लिहीत. ही उपपत्ती आता तशीच स्वीकारता येत नाही. कारण व्यापाऱ्यांच्या गलबतांतून चिनी ग्रंथ व वस्तू पुढेही येतच राहिल्या. बदल झाला तो स्वभाषेतील काव्याकडे पाहण्याच्या दृष्टीत.

९०५ मध्ये सम्राट दाइगो याच्या आज्ञेने 'कोकिनशू' या संग्रहाचे काम झाले. की नो त्सुरायुकी हा त्याच्या चार संपादकांपैकी प्रमुख. वीस खंड व सुमारे अकराशे कविता असलेल्या या संग्रहाची रचनाच एक वाङ्मयीन विधान आहे. पहिले सहा खंड ऋतूंचे आहेत : वसंत व शरद यांना प्रत्येकी दोन, ग्रीष्म व शिशिर यांना एकेक. पाच खंड प्रेमाचे आहेत. प्रत्येक विभागात कविता अशा लावल्या आहेत की, बर्फ वितळण्यापासून फुले गळण्यापर्यंत, अथवा ऐकीव नावावरून जडलेल्या प्रेमापासून विरहापर्यंत, एक क्रम वाचकासमोर उलगडत जातो. चोका जवळजवळ नाहीशी झाली. ३१ मात्रांची तांकाच यापुढे 'वाका', म्हणजे जपानी काव्य, या नावाची धनी झाली.

इतक्या आखूड रचनेत आशय भरण्यासाठी कवींनी भाषेचे विशेष उपाय सिद्ध केले. त्यांत 'काकेकोतोबा' हा सर्वांत महत्त्वाचा. संस्कृत-मराठी श्लेषाशी त्याचे साम्य आहे. पण श्लेषात संपूर्ण वाक्याचे दोन अर्थ निघतात, तर येथे एकच शब्द मागील वाक्याचा शेवट व पुढील वाक्याचा आरंभ असा दुहेरी काम करतो. 'मात्सु' या शब्दाचे पाईन वृक्ष व वाट पाहणे असे दोन अर्थ आहेत. त्यामुळे किनाऱ्यावरील वृक्षाचे वर्णन करणारे वाक्य त्या शब्दावर येऊन विरहिणीच्या वाक्यात शिरते. असा खेळ ध्वनिलेखनामुळे सुकर झाला. चिनी चिन्ह लिहिले असते तर दोहोंपैकी एक अर्थ निश्चित होऊन दुसरा लोपला असता. कानाची संदिग्धता येथे दोष न राहता काव्याचे साधन बनली.

कोकिनशूला दोन प्रस्तावना आहेत, एक चिनी व एक कानात लिहिलेली. त्सुरायुकीची काना प्रस्तावना ही जपानी भाषेतील काव्यमीमांसेचा आरंभ होय. यानंतर १४३९ पर्यंत एकूण एकवीस राजमान्य संग्रह झाले. त्यांपैकी १२०५ चा 'शिन्कोकिनशू' हा फुजिवारा नो तेइका प्रभृती संपादकांचा संग्रह वाकापरंपरेचे दुसरे शिखर मानला जातो.

६. काना गद्य आणि निनावी लेखिका

काव्याला मान मिळाला तरी गद्याची भाषा अद्याप चिनीच होती. तोसा प्रांताचा कार्यकाल संपवून त्सुरायुकी ९३५ मध्ये राजधानीस परतला. त्या पंचावन्न दिवसांच्या समुद्रप्रवासाचे 'तोसा निक्की' हे दैनंदिनीवजा पुस्तक त्याने कानात, आणि एका स्त्रीच्या भूमिकेतून लिहिले. पुरुषाची रोजनिशी चिनी भाषेत असे आणि तीत दरबारी घडामोडींची नोंद असे. तोसा प्रांतात मृत्यू पावलेल्या लहान मुलीचे दुःख त्या साच्यात सामावण्यासारखे नव्हते. त्सुरायुकीने भाषा व निवेदक दोन्ही बदलले आणि स्वभाषेच्या आत्मपर गद्याला मार्ग मोकळा केला.

तो मार्ग पुढे चालविला तो प्रत्यक्ष स्त्रियांनी. 'कागेरो निक्की' या ग्रंथात ९५४ ते ९७४ या काळातील वैवाहिक जीवनाचे वृत्त आहे. जुन्या कथांतील खोटेपणा टाकून प्रत्यक्ष जगलेले आयुष्य सांगावे, अशी लेखिकेची जाणीवपूर्वक भूमिका आहे. तिचे नाव मात्र इतिहासाला माहीत नाही. ती 'मिचित्सुनाची आई' म्हणूनच ओळखली जाते. 'साराशिना निक्की' हा ग्रंथ 'ताकासुएच्या मुलीचा'. सेई शोनागोन व मुरासाकी शिकिबू ही नावेही कुलनाम, आप्तांचे पद किंवा कथेतील पात्र यांवरून पडलेली दरबारी नावे आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या या श्रेष्ठ गद्यलेखिकांची स्वतःची नावे खात्रीने सांगता येत नाहीत.

या लेखिका चिनी विद्येपासून दूर होत्या असे समजणे चुकीचे ठरेल. सेई शोनागोन ही ९५१ च्या त्या पाच विद्वानांपैकी कियोहारा नो मोतोसुके याची कन्या. सम्राज्ञी तेइशी हिने एका हिमवर्षावाच्या दिवशी चिनी कवी बाई जुयी याच्या कवितेतील एका पर्वताचा उल्लेख करून प्रश्न केला, तेव्हा सेईने उत्तरादाखल काही न बोलता कवितेत वर्णिल्याप्रमाणे खिडकीचा पडदा वर करविला. हा प्रसंग तिने 'माकुरा नो सोशी' या ग्रंथात नोंदविला आहे. त्यात सुमारे तीनशे प्रकरणे असून मनाला भावणाऱ्या वा खटकणाऱ्या गोष्टींच्या याद्या, आठवणी व निरीक्षणे यांचे मिश्रण आहे. मुरासाकी शिकिबू हिची कहाणी अधिक सूचक आहे. भावाला चिनी ग्रंथांचा पाठ मिळत असता ती ऐकून शिके, आणि त्याच्याहून लवकर शिके. ही मुलगा असती तर, अशी खंत तिचे वडील व्यक्त करीत. पुढे सम्राज्ञी शोशीच्या सेवेत असताना तिने राणीस बाई जुयीच्या कविता शिकविल्या, त्याही गुप्तपणे. चारचौघांत मात्र चिनी लिपीतील अगदी साधे अक्षरही येत नसल्याचे ती भासवी. हे सारे तिच्या स्वतःच्या दैनंदिनीत नमूद आहे.

चौपन्न प्रकरणांच्या 'गेन्जी मोनोगातारी' या तिच्या कथाग्रंथाचा काही भाग १००८ च्या सुमारास वाचकांत फिरू लागला होता. 'मोनोगातारी' ही रिकामपणी वाचावयाची, बायकामुलांची करमणूक समजली जाई. 'ताकेतोरी' ही अद्भुतकथा व कवितांभोवती गुंफलेली 'इसे मोनोगातारी' हे तिचे पूर्वज. मुरासाकीने या हलक्या मानलेल्या प्रकाराला तीन-चार पिढ्यांचा काळ, शेकडो पात्रे व सुमारे आठशे कविता पेलण्याची शक्ती दिली. ग्रंथाच्या पंचविसाव्या प्रकरणात गेन्जी प्रथम कथांची थट्टा करतो व मग त्यांची बाजू घेतो : राजकीय इतिहासग्रंथांत जीवनाचा एक अंशच येतो, बारीकसारीक सत्य कथांतच सापडते, अशा आशयाचे त्याचे विवेचन आहे. काना कथेने निहोन शोकीसारख्या ग्रंथांशी केलेली ही बरोबरी होय. योगायोग असा की, गेन्जी वाचताना ऐकून सम्राट इचिजो याने या लेखिकेने निहोन शोकी वाचलेला असला पाहिजे असा अभिप्राय दिला, आणि त्यावरून एका मत्सरी सहचरीने तिला इतिहासबाई अशा अर्थाचे टोपणनाव ठेवले. विद्येचे श्रेय पुरुषाला भूषण ठरले असते. मुरासाकीच्या वाट्याला त्याचा उपहास आला.

७. मिश्र भाषा : कथासंग्रह, युद्धकथा आणि नो

बाराव्या शतकापासून काना व चिनी यांमधील सीमारेषा पुसट होत गेली. 'कोन्जाकू मोनोगातारीशू' या एकतीस खंडांच्या संग्रहात (त्यांपैकी तीन आज उपलब्ध नाहीत) एक हजारांहून अधिक कथा असून पहिले पाच खंड भारताचे, पुढील पाच चीनचे व उरलेले जपानचे आहेत. बुद्धचरित्र व जातककथा चिनी भाषांतरांच्या वाटेने येथवर पोचल्या. या मिश्र गद्याचा परमोत्कर्ष 'हेइके मोनोगातारी' या युद्धकथेत झाला. ११८५ मध्ये दान्नोउरा येथील नाविक युद्धात हेइके कुलाचा नाश झाला. त्याची कथा अंध गायक 'बिवा' या तंतुवाद्यावर गात फिरत. काकुइची या गायकाने १३७१ मध्ये शिष्याकरवी लिहवून घेतलेली संहिता आज प्रमाण मानली जाते. तिच्या आरंभीच श्रावस्तीच्या जेतवन विहारातील घंटेचा उल्लेख असून अनित्यता हेच तिचे सूत्र आहे. कामो नो चोमेई याचा 'होजोकी' (१२१२) व केन्को याचा सुमारे १३३० मधील 'त्सुरेझुरेगुसा' हे संन्यस्तांचे गद्यनिबंधही याच जाणिवेचे.

नो नाट्याने या सर्व पूर्वसूरींचा वारसा रंगभूमीवर आणला. कान्आमी व त्याचा पुत्र झेआमी यांना शोगुन आशिकागा योशिमित्सु याचा आश्रय लाभला आणि जत्रेतील खेळाचे अभिजात नाट्यात रूपांतर झाले. नाटकाचा एक साचा असा : एक प्रवासी भिक्षू एका स्थळी येतो, तेथील एक सामान्य माणूस त्याला त्या जागेची कथा सांगतो, आणि उत्तरार्धात तो माणूस म्हणजेच त्या कथेतील मृताचा अतृप्त आत्मा असल्याचे उघड होते. झेआमीच्या 'आत्सुमोरी'चा विषय हेइकेतून, तर 'इझुत्सु'चा इसे मोनोगातारीतून घेतला आहे. पूर्वीचे वाङ्मय आठवणीच्या रूपाने पुन्हा सादर करणारा हा रचनाप्रकार आहे. योशिमित्सुनंतर मात्र झेआमीवरील राजकृपा ओसरली व १४३४ मध्ये त्यास सादो बेटावर हद्दपार व्हावे लागले.

८. रेंगा, हाइकाइ आणि नगरवासीयांचे वाङ्मय

तांकेचे ५-७-५ व ७-७ असे दोन भाग दोन कवींनी रचण्याची प्रथा जुनी होती. ती वाढत जाऊन अनेक कवींनी आळीपाळीने शंभर श्लोक जोडण्याचा 'रेंगा' हा प्रकार झाला. त्याचा मूलभूत नियम असा की, प्रत्येक श्लोक लगतच्या पूर्वश्लोकाशी जुळावा, परंतु त्याच्याही आधीच्या श्लोकाच्या आशयाकडे परत वळू नये. त्यामुळे संपूर्ण रचनेस एक कथासूत्र राहत नाही. ती सतत पुढे सरकत असते. १४८८ मध्ये सोगी व त्याच्या दोन शिष्यांनी मिनासे येथे रचलेले शतक या प्रकाराचा आदर्श मानले जाते. पहिल्या श्लोकास 'होक्कु' म्हणत; त्यात प्रसंगाचा ऋतू सूचित करणे आवश्यक असे.

येथे प्रतिष्ठेचे चक्र पूर्ण फिरलेले दिसते. वाका व रेंगा आता इतके शुद्ध झाले होते की, त्यांत चिनी मूळाचे शब्द व बोलभाषेतील शब्द निषिद्ध होते. एके काळी उपेक्षित असलेल्या स्वभाषेने आपले सोवळे निर्माण केले होते. ते मोडणारी विनोदी रेंगा म्हणजे 'हाइकाइ'. मात्सुनागा तेइतोकू याने तर या निषिद्ध शब्दांच्या वापरालाच हाइकाइचे लक्षण ठरविले. ओसाकाचा इहारा साइकाकू १६८४ मध्ये एका अहोरात्रात २३,५०० श्लोक रचून गेला, इतका हा प्रकार सैल झाला होता. त्याच साइकाकूने १६८२ पासून व्यापारी वर्गाच्या विलासाची व हिशेबाची गद्यचित्रे लिहिली. चिकामात्सु मोन्झाएमोन याने १७०३ मध्ये नुकत्याच घडलेल्या प्रेमी युगुलाच्या आत्महत्येवर कळसूत्री बाहुल्यांसाठी शोकनाट्य रचले. सोया-सॉसच्या दुकानातील गुमास्ता व एक गणिका यांना प्रथमच शोकांत नायक-नायिकेचे स्थान मिळाले.

मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) याने हाइकाइतील शब्दस्वातंत्र्य कायम ठेवून तिला जुन्या काव्याचे गांभीर्य दिले. १६८९ मध्ये तो सोरा या शिष्यासह उत्तरेकडे पायी निघाला. सुमारे पाच महिन्यांच्या या प्रवासाचे 'ओकु नो होसोमिची' हे गद्यपद्यात्मक वृत्त त्याच्या मृत्यूनंतर, १७०२ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यात जुन्या वाकांत गाजलेली स्थळे तो शोधीत जातो. पण कवितेत मात्र जुन्या काव्याने वर्ज्य मानलेल्या पिसवा व घोड्याचे मूत्रही येते. होक्कु स्वतंत्रपणे वाचण्याची प्रथा त्याच्या काळीच होती. त्यास 'हायकू' हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी याने रूढ केले.

९. जतन आणि पुनर्वाचन

हे वाङ्मय आज वाचता येते याचे श्रेय नकलकारांना व टीकाकारांना द्यावे लागते. १२३५ मध्ये तेइकाने त्सुरायुकीच्या हस्ताक्षरातील तोसा निक्कीची प्रत पाहून तिची नक्कल केली. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. मूळ प्रत पुढे नष्ट झाली. गेन्जीच्या संहितेचा मुख्य आधारही तेइकाच्याच परंपरेची प्रत असून, तिच्या पाचव्या प्रकरणाचे एक हस्तलिखित सापडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. १६७३ मध्ये कितामुरा किगिन याने गेन्जीची सटीप आवृत्ती सिद्ध केली व मुद्रणामुळे ती सर्वत्र पसरली. हा किगिन बाशोचा गुरू होता.

सतराव्या शतकात केइचू या शिंगोन भिक्षूने मान्योशूवर टीका लिहिली व १६९५ मध्ये काना लेखनाचे ऐतिहासिक नियम सिद्ध केले. ध्वनींच्या सूक्ष्म विचाराची त्याची तयारी सिद्धम्-अध्ययनात झाली होती. मात्सुसाका येथील वैद्य मोतोओरी नोरिनागा याने १७६४ च्या सुमारास कोजिकीवरील भाष्य सुरू केले आणि १७९८ मध्ये चव्वेचाळीस खंडांत पूर्ण केले. यासुमारोने लिहिलेले पुन्हा जपानी भाषेत वाचता यावे म्हणून एका माणसाला पस्तीस वर्षे वेचावी लागली. गेन्जीतील रस 'मोनो नो आवारे', म्हणजे वस्तुमात्राच्या दर्शनाने मनात उमटणारी करुण-कोमल जाणीव, हा होय असे सांगून त्याने त्या ग्रंथास नीतिबोधाच्या कसोटीतून सोडविले.

१०. उपसंहार

नोरिनागाच्या श्रमांपुढे नतमस्तक व्हावे लागते. तथापि चिनी संस्कार हा जपानी मनावरील बाह्य लेप असून तो काढून टाकता येतो, हे त्याचे मत वर मांडलेल्या पुराव्यावरून टिकत नाही. सेई शोनागोनच्या पडद्यामागे बाई जुयीची कविता आहे, गेन्जीच्या लेखिकेने चिनी इतिहासग्रंथ पचविले आहेत, कानाचा क्रम सिद्धम्-अध्ययनातून आला आहे. १०१८ च्या सुमाराच्या 'वाकान रोएइशू' या संग्रहात तर चिनी द्विपद्या व वाका गायनासाठी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. स्वकीय व परकीय यांचा संघर्ष एवढेच सूत्र धरले, तर हा इतिहास अपुरा राहील. प्रतिष्ठित भाषेने विद्या व नमुने पुरविले. अप्रतिष्ठित भाषेने, खाजगीपणाच्या आडोशाने, त्या नमुन्यांत न बसणारा अनुभव सांगण्याची मोकळीक दिली. त्सुरायुकीचे अपत्यदुःख, मिचित्सुनाच्या आईचा संसार व ओसाकाच्या गुमास्त्याचा मृत्यू यांना त्या त्या काळच्या मान्य प्रकारांत जागा नव्हती.

२०१९ च्या मे महिन्यात जपानमध्ये 'रेइवा' या नव्या कालगणनेस प्रारंभ झाला. चिनी अभिजात ग्रंथांऐवजी जपानी ग्रंथातून घेतलेले हे पहिले कालनाम म्हणून त्याचा गौरव झाला. तो ग्रंथ मान्योशू होय. परंतु हे नाव ज्या मजकुरातून घेतले, ती पाचव्या खंडातील ७३० च्या पुष्पोत्सवातील कवितांची प्रस्तावना चिनी भाषेत आहे. यासुमारोपुढे उभा असलेला प्रश्न अशा रीतीने तेराशे वर्षांनंतरही त्या देशाच्या अक्षरांत जागा आहे. जपानी वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याच्या रचनाप्रकारांकडे वळताना प्रथम हा प्रश्न समजून घेणे इष्ट होय.